दंतरोपण

पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभारण्याचा उपचार. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगांत टायटॅनियम हाडाशी एकजीव होते असे आढळले; १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला.

आधी क्ष-किरण चित्र किंवा सीबीसीटी (त्रिमितीय क्ष-किरण) स्कॅन काढून हाडाची जाडी व उंची पाहतात. हाड अपुरे असल्यास तेथे भर घालावी लागते आणि उपचार काही महिने लांबतो. शस्त्रक्रिया हिरडी बधिर करून होते; दाब व कंप जाणवतात, वेदना सहसा नाहीत. नंतर काही दिवस सूज व ठणका राहतो, मऊ आहार घ्यावा लागतो. खरी कसोटी प्रतीक्षेची असते. हाडाने स्क्रू घट्ट धरण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात. वरच्या जबड्यात हाड विरळ असल्याने बहुधा अधिक. निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेच्याच दिवशी तात्पुरता दात बसवता येतो, परंतु जाहिराती पाहून सर्वांनी तशी अपेक्षा धरू नये.

तंबाखू, अनियंत्रित मधुमेह आणि हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे यांमुळे धोका वाढतो. ही माहिती दंतवैद्यापासून मुळीच लपवू नये. रोपित दात किडत नाही. मात्र भोवतालच्या हिरडीला संसर्ग होऊन हाड झिजू शकते, आणि ही झीज पुष्कळदा दुखल्यावाचून होते. त्यामुळे रोजची स्वच्छता व ठरावीक काळाने तपासणी आयुष्यभर करावी लागते.