होबोचं बारसं

नोव्हेंबर १८८९. तुम्ही उभे आहात वॉशिंग्टन राज्यातल्या एलेन्सबर्ग गावात. राज्य कसलं, याच महिन्यात जन्मलेलं! ४ जुलैच्या आगीत गावची पेठ जळाली, तिथे आता विटांच्या नव्या इमारती चढताहेत. नॉर्दर्न पॅसिफिकची मालगाडी कण्हत थांबते. रिकाम्या वाघिणीचं दार सरकवून चौघे खाली उड्या टाकतात. अंगात दोन-दोन कोट, खांद्यावर घोंगडीची वळकटी. गार्डची नजर पडायच्या आत रूळ ओलांडून पसार.

गावचं वर्तमानपत्र उघडा, 'एलेन्सबर्ग कॅपिटल'. भटक्यांचं नाव बदललंय, म्हणजे इतरांनीच बदलून टाकलंय; आता ते 'होबो' झालेत, असं त्यात छापलंय. या शब्दाच्या अगदी सुरुवातीच्या छापील नोंदींपैकी ही एक. पण बारसं केलं कुणी, याबद्दल चकार शब्द नाही.

आता मागे चला, १८६५मध्ये. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलंय, सैनिक घरच्या वाटेला लागलेत. 'होमवर्ड बाउंड'ची अक्षरं आखडून होबो झालं, असं पुढे छातीठोक सांगितलं जाणार आहे. मग पुढची वीसेक वर्षं वार्ताहर काय झोपले होते? न्यूयॉर्कसमोर नदीपलीकडचं होबोकेन, खुद्द शहरातले हाउस्टन आणि बावरी हे रस्ते, हेही दावेदार. नावं झकास जुळतात, पण शब्द उगवतो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मला तरी हे ओढूनताणून वाटतं. त्यापेक्षा पश्चिमेकडच्या रेल्वेवाल्यांची 'हो, बॉय!' ही हाक निदान जागेला धरून आहे. पुरावा तिलाही नाही. कोशकार 'मूळ अज्ञात' लिहून मोकळे होतात.

शेवटी १९२३च्या शिकागोत या. नेल्स अँडरसनचं होबोंवरचं पुस्तक याच वर्षी निघालंय. वेस्ट मॅडिसन स्ट्रीटवर स्वस्त खाणावळी, खाटांचे लॉज आणि मजूर पुरवणाऱ्यांच्या कचेऱ्या. रुळांकाठच्या तळाला हे लोक 'जंगल' म्हणतात; आपलाच शब्द, इंग्रजीतून फिरत फिरत इथवर आलेला. फुटपाथवरच्या एका म्हाताऱ्याला चुकून 'ट्रॅम्प' म्हणून बघा. भडकतोच. होबो भटकतो आणि राबतो, ट्रॅम्प नुसता भटकतो, बम तर दोन्ही करत नाही, असं तो बोटांवर मोजून ऐकवतो. मग शब्द आला कुठून? 'हो-बॉय'! 'हो' म्हणजे कुदळी. शेतात कुदळी चालवणारा पोऱ्या. पुरावा मागू नका. त्याला हेच मूळ पटणार, कारण त्यात काम आहे. सैनिकाला घराची वाट पटते, होबोकेनवाल्याला होबोकेन.

तेवढ्यात समोरच्या कचेरीबाहेर खडूने लिहिलेली पाटी लागते: डाकोटात गव्हाच्या कापणीला माणसं हवीत. म्हातारा तुमच्याशी बोलणं अर्धवट टाकून मजुरी किती ते वाचायला धावतो.