उखळ, शिवण आणि सात रात्री

शाळेत आपण सगळ्यांनी सांध्यांची नावं पाठ केली आहेत. बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा, सरकता सांधा. इंग्रजीत खांद्याच्या सांध्याला ‘बॉल अँड सॉकेट’ म्हणतात. तिथे चेंडू आणि खोबण आहे, आपल्याकडे मात्र उखळ. हे उखळ जुनं आहे. सुश्रुतसंहितेत ते ‘उलूखल’ या नावानं भेटतं.

संहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, हाडांचे २१० सांधे मोजले आहेत: हातापायांत ६८, धडात ५९ आणि मानेपासून वर ८३. आधी दोनच भाग पाडलेत, हलणारे आणि स्थिर. मग आकारावरून आठ प्रकार. कोर म्हणजे गुडघा, कोपर, बोटं यांचे सांधे. उलूखल काखेत आणि जांघेत. सामुद्ग म्हणजे झाकणाची डबी. जबड्याचा तो वायसतुंड, म्हणजे कावळ्याची चोच. श्वासनलिकेची कडी ती मंडल, कानातला शंखावर्त. पाठीच्या मणक्यांचा प्रतर. आणि कवटीचा तुन्नसेवनी, फाटलेलं कापड शिवल्यावर दिसते तशी शिवण. बघा, ही सगळी नावं घरातली आणि अंगणातली आहेत.

आता गंमत अशी की, दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन हा ग्रीक वैद्यही सांधे हलणारे आणि न हलणारे असेच वेगळे करतो, आणि कवटीच्या सांध्याला शिवणच म्हणतो. आजचा ‘सूचर’ हा शब्दही शिवणीचाच. यावरून कोणी कोणाचं घेतलं, असा वाद घालायची गरज नाही. कवटी हातात घेतली की ती नागमोडी रेघ कोणालाही शिवणीसारखीच दिसते.

फरक दातांपाशी पडतो. गेलनच्या लेखी दात हाडात ठोकलेला खिळा आहे, म्हणून स्थिर. सुश्रुतानं दात उखळीत घातले, खुब्याच्या शेजारी! असं का झालं असेल? माझा तर्क त्याच्या पद्धतीकडे जातो. प्रेत मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचं, सात रात्रींनी काढायचं आणि वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्यानं हळूहळू घासत एकेक थर पाहायचा. मऊ भाग आधी कुजतात, हाडं टिकतात. दाताला हाडाशी बांधणारे बारीक तंतू सैल झाले, की उरतो खड्डा आणि त्यात बसलेला दात. म्हणजे उखळच की!

आजची विभागणी नेमकी त्या मऊ भागांवर उभी आहे. दोन हाडांच्या मध्ये काय आहे? तंतू असतील तर तंतुमय सांधा, कूर्चा असेल तर कूर्चेचा, आणि पिशवीत वंगणासारखा द्रव असेल तर सायनोव्हियल. कवटी आणि दात तंतुमय, गुडघा आणि खुबा सायनोव्हियल. पण वंगण सुश्रुतालाही ठाऊक होतं. तेल घातलेल्या आसावर चाक जसं नीट फिरतं, तसे कफामुळे सांधे चालतात, असं तो सांगतो. हे प्रेतावरून कळलेलं नसावं. हे जिवंत, कुरकुरणाऱ्या गुडघ्यावरून कळलेलं असणार.

म्हणून ‘आमच्याकडे सगळं होतंच’ हेही खरं नाही आणि ‘काही नव्हतंच’ हेही नाही. होतं ते हातानं आणि डोळ्यांनी मिळवलेलं होतं, आणि पुढे तो हातच थांबला. ग्रंथ पाठ होत राहिला, प्रेत पाहणं सुटलं.

शेवटी एकच नाव सांगतो, पंडित मधुसूदन गुप्त. सुश्रुतसंहिता पहिल्यांदा छापली गेली ती कलकत्त्यात, १८३५-३६ साली, त्यांच्या संपादनाखाली. आणि १८३६ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजात, त्या काळचा सामाजिक विरोध पत्करून, शवविच्छेदनासाठी सुरी हातात घेतली तीही त्यांनीच. ग्रंथ आणि सुरी या दोन्हींचा सांधा त्या एका माणसात होता. हलणारा सांधा!