सुरतेचा औषधबाजार आणि संधिवाताची संयुक्त औषधे

सतराव्या शतकात सुरतेची जहाजे तांबड्या समुद्रावरील मोखा बंदराशी नित्य व्यापार करीत आणि त्या मार्गाने हिराबोळासारखे औषधी डिंक गुजरातेत उतरत. गुग्गुळ मात्र कच्छ-सौराष्ट्राच्या कोरड्या माळावरचा, घरचाच होता. माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथात वर्णिलेला ‘आमवात’ आजच्या ऱ्हुमॅटॉइड संधिवाताशी, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या रोगाशी, लक्षणांनी पुष्कळसा जुळतो, आणि त्यावर वैद्य सिंहनाद गुग्गुळ देत. त्रिफळ्याचा काढा, गुग्गुळ, शुद्ध गंधक आणि एरंडेल एकत्र आटवून, पाक घट्ट होताच त्याच्या गोळ्या वळल्या जात. अनेक द्रव्ये मिळून देण्याची कल्पना अशी जुनीच आहे. नवी आहे ती दोन मिश्रणांची मोजून तुलना करण्याची शिस्त, आणि तिचे मोल फार मोठे आहे.

१९९६ साली अमेरिकेत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या १०२ रुग्णांवरील चाचणीत मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलॅझिन आणि मूळचे हिवतापावरचे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही तिन्ही एकत्र घेणाऱ्यांपैकी ७७ टक्क्यांना दोन वर्षांअखेर निम्मा किंवा अधिक उतार टिकून होता. एकट्या मेथोट्रेक्सेटवर हे प्रमाण ३३ टक्केच होते. पुढे २०१३ मध्ये ३५३ रुग्णांच्या चाचणीत हेच त्रिकूट मेथोट्रेक्सेट आणि इटानरसेप्ट या महागड्या जैविक इंजेक्शनाच्या जोडीपेक्षा कमी पडले नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नव्हे, आणि रक्ततपासणी चुकवून चालत नाही. एवढी दक्षता पाळली, तर सुरतेच्या यंत्रमाग कामगाराला परवडणारे हे जुने, स्वस्त त्रिकूट दुय्यम ठरत नाही.