चेरी आणि करवंद

आमच्या नांदेड-लातूरच्या मातींत चेरीचें झाड रुजत नाहीं. मोहोर धरण्यापूर्वीं त्याला दीर्घ गारठा लागतो. आमचा हिवाळा संक्रांतीबरोबर सरतो आणि वैशाखांत पारा ४२ अंशांपलीकडे जातो. तरीहि हा शब्द येथील मुलांच्या तोंडीं आहे. त्याचा इतिहास मीं शोधला तो एका चुकीमुळें. सुमारें ३० वर्षांपूर्वीं इंग्रजी फळांचीं मराठी नांवें विचारलीं असतां एका मुलानें चेरीपुढें 'करवंद' असें लिहिलें. मीं तें तांबड्या शाईनें खोडलें आणि वर्गासमक्ष त्याला हंसलों.

प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो कीं, इ. स. पूर्व पहिल्या शतकांत सेनापति ल्यूकुलस यानें मिथ्रिडेटीस राजावरील विजयानंतर काळ्या समुद्राकांठच्या पाँटस प्रांतांतून चेरी इटलींत आणली. परंतु युरोपांत त्याहून कितीतरी जुन्या वस्त्यांत चेरीच्या बिया सांपडल्या आहेत. तेव्हां सेनापतीनें आणली ती फार तर एखादी सरस जात असावी. शब्दाची कथा याहून गमतीची. ग्रीक 'केरासोस', लॅटिन 'केरासुम', त्यावरून नॉर्मन फ्रेंचांचें 'चेरीझ'. शेवटचा 'झ' हा अनेकवचनाचा प्रत्यय अशी इंग्रजांची समजूत झाली आणि त्यांनीं तो गाळून 'चेरी' हें एकवचन घडविलें. माझ्या वर्गांत कोणी असें केलें असतें तर मीं तेंहि खोडलें असतें !

आपल्या देशांत फारसी नांव 'गिलास'. अकबर त्यास 'शाहआलू' म्हणे. मोगलांनीं १५८६ मध्यें काश्मीर घेतलें. तेथें हीं झाडें मुहंमद कुली अफशार यानें काबूलहून आणून लावलीं, अशी नोंद जहांगीरानें केली आहे. आमच्या भागांत १९४८ पर्यंत निजामाचें राज्य आणि उर्दू ही दरबारी भाषा. तरी 'गिलास' म्हणजे पाणी पिण्याचें भांडें एवढाच अर्थ घरोघरीं रुजला. मात्र आयुर्वेदांतील पद्मकाष्ठ हें हिमालयांतील रानचेरीचेंच लांकूड. म्हणजे फळाआधीं काष्ठ आमच्या वैद्यांच्या परिचयाचें होतें.

मग केकवर, विड्यांत आणि आइसक्रीमवर बसते ती तांबडी चेरी कोणती? तें बहुधा करवंदच. कच्चीं करवंदें मिठाच्या पाण्यांत मुरवून बिया काढतात, उकडून रंग देतात आणि साखरेच्या पाकांत ठेवतात. पाक रोज थोडा थोडा घट्ट करावा लागतो. पहिल्याच दिवशीं दाट पाक घातला तर फळांतलें पाणी झपाट्यानें बाहेर पडतें आणि तें सुरकुततें. हें ज्ञान मला पुस्तकांतून मिळालें नाहीं. त्या मुलाचे वडील अशाच एका कारखान्यांत पाकाच्या कढईवर कामाला होते. पुढें त्यांची भेट झाली तेव्हां त्यांनीं मला हें सारें समजावून सांगितलें. गुणांचा विषय त्यांनीं काढला नाहीं आणि मलाहि धीर झाला नाहीं.

आज तो विद्यार्थी भेटला तर अर्धा गुण मी अवश्य देईन. उरलेला अर्धा मात्र नाहीं. प्रश्न झाडावरच्या फळाचा होता, बरणींतल्या नव्हे.