लेव्हीची साखर

श्रीरामपूरची बाजारपेठ कधी खुली झाली, याला 1991 हे उत्तर पुरत नाही. त्या वर्षी दिल्लीने बहुतेक उद्योगांचे परवाने उठवले, रुपया उतरवला. साखरेचा परवाना मात्र 1998 पर्यंत लागत होता, आणि सरकारला द्यायचा हिस्सा, म्हणजे लेव्ही, त्यानंतरही पंधरा वर्षं सुटली नाही. अख्खा तालुका ज्या उसाच्या पिकावर उभा, तेच सुधारणांच्या रांगेत सगळ्यात मागे राहिलं.

या नियंत्रणाचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. 1942 साली सरकारने साखर ताब्यात घेतली, तेव्हा 1926 मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी प्रवरेच्या कालव्यांतून इथे खेळत होतं. हरेगावला बेलापूर कंपनी आणि टिळकनगरला डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स, असे दोन खाजगी कारखाने चालू होते. डिसेंबर 1947 मध्ये नियंत्रण उठलं, भाव भडकले, 1949 मध्ये ते परत आलं. हा खेळ पुढे अनेकदा झाला.

मधल्या काळात जमिनीही गेल्या. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खाजगी कारखान्यांचे मळे सरकारकडे आले आणि 1963 मध्ये ते शेती महामंडळाच्या हाती दिले गेले. ज्यांच्या वाडवडिलांनी या जमिनी कंपन्यांना खंडाने दिल्या होत्या, त्या खंडकऱ्यांना त्या परत मिळू लागायला अर्धं शतक जावं लागलं. 

लेव्हीचं ओळखीचं रूप 1967-68 च्या हंगामातलं. साठ टक्के साखर सरकारी दराने सरकारला, चाळीस टक्के खुल्या बाजारात. दहाचा उतारा धरा. एक टन उसाची शंभर किलो साखर होते. त्यातली साठ किलो रेशनला. उरलेली चाळीस किलोही मोकळी नव्हती. दर महिन्याचा कोटा दिल्लीहून सुटायचा. रिलीज ऑर्डर येईपर्यंत पोती स्वतःच्याच गोडाऊनमध्ये अडकून पडायची आणि मालतारण कर्जाचं व्याज चढत राहायचं. खाजगी कारखानदार असा तोटा नफ्यातून सोसतो. अशोकनगरच्या ‘अशोक’सारख्या सहकारी कारखान्यात मालक म्हणजे सभासद. कारखान्याला कमी मिळालं की पहिल्या उचलीनंतरचा अंतिम भाव कमी. रेशनच्या दुकानात गरिबाला स्वस्त साखर मिळायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो खर्च देशाच्या तिजोरीचा होता. तो ऊस उत्पादकाच्या बिलातून कापला गेला, आणि कापला जातोय हे त्या बिलावर कधी लिहिलं गेलं नाही.

ऑगस्ट 1978 मध्ये जनता सरकारने सगळंच नियंत्रण काढलं. भाव कोसळले, उसाची बिलं थकली, लागवड घटली, मग टंचाई आली. डिसेंबर 1979 मध्ये लेव्ही परत आली. खुला बाजार सांभाळायला साठा लागतो आणि पडत्या भावात शेतकऱ्याला आधार लागतो. त्यांची तजवीज न करता दार उघडलं होतं.

नंतर लेव्ही हप्त्याहप्त्याने उतरली: 2000 मध्ये 30 टक्के, 2001 मध्ये 15, 2002 मध्ये 10. साखर नियंत्रणावरच्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर एप्रिल 2013 मध्ये केंद्राने लेव्ही बंद केली, विक्रीचा कोटाही काढला. रेशनची साखर राज्यांनी बाजारातून घ्यायची आणि किलोला साडेअठरा रुपये केंद्राने द्यायचे ठरलं. जे 1967 मध्येच व्हायला हवं होतं, ते तेव्हा झालं.

कोटा जून 2018 मध्ये परतला. साखर मातीमोल झाली होती, म्हणून किमान विक्री दर किलोला 29 रुपये ठरला, फेब्रुवारी 2019 मध्ये 31. हा दर 2024-25 च्या हंगामातही 31 च होता. त्याच काळात एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान दर, टनाला 2,750 वरून 3,400 वर गेली. ही वाढ योग्यच आहे, मजुरीही वाढली. पण ती द्यायला साखरेचा दर पुरला नाही की कारखाना कर्ज काढतो. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचा नियम 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला आहे. तो मोडतो, त्या वर्षी पुण्याच्या साखर आयुक्तांना थकबाकीदार कारखान्यांवर आरआरसीची, म्हणजे महसुली थकबाकीसारखी वसुलीची, कारवाई करावी लागते.