यासुजिरो ओझू

यासुजिरो ओझू (१२ डिसेंबर १९०३ – १२ डिसेंबर १९६३) हे जपानी चित्रपट दिग्दर्शक व पटकथाकार होते. मध्यमवर्गीय कुटुंबातील आईवडील आणि मुले यांचे बदलते नाते हा त्यांच्या चित्रपटांचा मुख्य विषय होय. ‘बानशुन’ (१९४९), ‘बाकुशू’ (१९५१) व ‘टोकियो मोनोगातारी’ (१९५३) हे त्यांचे विशेष नावाजलेले चित्रपट आहेत.

जीवन

ओझू यांचा जन्म टोकियोतील फुकागावा भागात झाला. १९२३ मध्ये ते शोचिकू या चित्रपटसंस्थेच्या कामाता येथील स्टुडिओत साहाय्यक छायाचित्रकार म्हणून रुजू झाले आणि १९२७ मध्ये त्यांनी पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. त्यांचा पहिला बोलपट १९३६ मध्ये आला. ‘बानशुन’पासून पुढील सर्व पटकथा त्यांनी कोगो नोदा यांच्यासह लिहिल्या. ते आजन्म अविवाहित राहिले. साठाव्या वाढदिवशीच कर्करोगाने त्यांचे निधन झाले. कामाकुरा येथील त्यांच्या समाधिशिळेवर नावाऐवजी ‘शून्यता’ या अर्थाचे ‘मू’ हे एकच अक्षर कोरलेले आहे.

शैली

ओझू यांचा कॅमेरा जमिनीपासून थोड्याच उंचीवर असतो. उत्तरकाळातील चित्रपटांत तो जवळजवळ हलतच नाही. दोन प्रसंगांच्या मध्ये वाळत घातलेले कपडे, धुराडी, रिकामी खोली अशी निर्मनुष्य दृश्ये येतात. कथेतील मोठ्या घटना ते बहुधा गाळतात. ‘बानशुन’मध्ये मुलीच्या लग्नाभोवती सारी कथा फिरते, परंतु लग्नसमारंभ किंवा नवरदेव एकदाही दिसत नाही. दिसतो तो लग्नानंतर रिकाम्या घरी परतलेला, सफरचंद सोलत बसलेला बाप. त्याने मुलीला लग्नास राजी करण्यासाठी स्वतःच्या पुनर्विवाहाची खोटी बतावणी केलेली असते. त्यामुळे या साध्या कृतीतून त्याचे एकाकीपण प्रकट होते.

टोकियो मोनोगातारी

ओनोमिची गावचे वृद्ध दांपत्य मुलांना भेटण्यास टोकियोस येते. डॉक्टर मुलगा आणि केशभूषागृह चालविणारी मुलगी आपापल्या व्यापात असतात. आईवडिलांना ते आतामी येथील उष्ण झऱ्यांच्या ठिकाणी पाठवून देतात. युद्धात पती गमावलेली सून नोरिको मात्र कामावरून रजा काढून त्यांना शहर दाखविते. गावी परतल्यावर आईचा मृत्यू होतो. या चित्रपटात कोणीही खलनायक नाही. धाकटी मुलगी भावंडांच्या स्वार्थाबद्दल चिडते, तेव्हा मुले आईवडिलांपासून दुरावणे अटळच असल्याचे नोरिको तिला समजावते. मुलांचा दोष प्रेक्षकाला दिसतो, पण त्यांना दोषी ठरविणे सोपे जात नाही. या चित्रपटाचे सामर्थ्य याच पेचात आहे. यातील पिता व नोरिको यांच्या भूमिका अनुक्रमे चिशू र्‍यू आणि सेत्सुको हारा यांनी केल्या.

प्रभाव

अकिरा कुरोसावा यांच्या तुलनेत ओझू यांची ओळख पाश्चात्त्य जगास उशिरा झाली. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी त्यांच्यावर ‘टोकियो-गा’ (१९८५) हा माहितीपट केला. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने २०१२ मध्ये घेतलेल्या दिग्दर्शकांच्या मतचाचणीत ‘टोकियो मोनोगातारी’ सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरला.