आर्ल : संहिता आणि प्रक्षेप

दक्षिण फ्रान्समधील आर्ल हे गाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते बहुधा व्हॅन गॉगमुळे. १८८८-८९ मध्ये तो तेथे राहिला. गावाचा इतिहास मात्र त्याहून फार जुना. इ.स.पूर्व ४६ मध्ये ज्यूलियस सीझरच्या निवृत्त सैनिकांची वसाहत येथे स्थापन झाली. पुढे ऑगस्टसच्या काळात नाट्यगृह उभे राहिले आणि इ.स.च्या पहिल्या शतकाच्या अखेरीस सुमारे वीस हजार प्रेक्षकांना सामावणारे लंबवर्तुळाकार ॲम्फिथिएटर.

रोमन सत्ता लयाला गेल्यावर या दोन वास्तूंच्या वाट्याला निरनिराळे भोग आले. नाट्यगृहाचे दगड चर्चच्या बांधकामांसाठी नेले गेले. त्याच्या रंगमंचामागील भव्य भिंतीचे आज दोनच स्तंभ पूर्ण उंचीने उभे आहेत. गावकरी त्यांना ‘दोन विधवा’ म्हणतात. ॲम्फिथिएटरमध्ये मात्र माणसे राहायला आली. त्याच्या कमानी बुजवून तटबंदी झाली, चार बुरूज चढले, आत दोनशेहून अधिक घरे आणि दोन प्रार्थनामंदिरे वसली. ही विटंबना म्हणावी, तर ॲम्फिथिएटर टिकले तेही या वस्तीमुळेच, हे विसरता येत नाही.

बाराव्या शतकात सेंट त्रोफिमच्या चर्चला नवे प्रवेशद्वार लाभले. त्याची रचना रोमन विजयकमानीची आहे. जेथे सम्राटाचा जयघोष असायचा, तेथे आता अंतिम न्यायाचा ख्रिस्त बसला आहे. खाली स्तंभांच्या मधल्या जागांत संत उभे आहेत. त्या पाथरवटांना रोम ग्रंथांत शोधावे लागले नाही, ते त्यांच्या गल्लीतच होते. याच चर्चमध्ये ११७८ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाला राज्याभिषेक झाला.

या शैलीला फ्रेंचमध्ये नाव मिळाले ते बऱ्याच उशिरा. १८१८ साली शार्ल द जेर्व्हिल या पुराविदाने एका पत्रात ते सुचवले. ही शैली म्हणजे रोमन शैलीचेच बिघडलेले रूप, असा त्याचा भाव होता. पुढे १८२५ मध्ये ॲम्फिथिएटरमधील घरे पाडायला आरंभ झाला. ‘शुद्ध’ रोमन वास्तू हवी होती. १८३० मध्ये अल्जियर्सच्या विजयाप्रीत्यर्थ तेथे बैलांचा खेळ झाला. मध्ययुगीन वस्तीची खूण म्हणून आज उरले आहेत ते तीन बुरूज.

साहित्याच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. प्रक्षेप गाळून मूळ संहितेपर्यंत पोहोचण्याचा ध्यास आपल्यालाही असतो, आणि तो अनाठायी नाही. घरे हटली नसती तर मूळ वास्तू आज दिसलीच नसती. पण प्रक्षेप म्हणून जे गाळले, ते शतकानुशतके त्या संहितेत राहिलेल्यांचे वाचन होते. १९८१ मध्ये युनेस्कोने आर्लला जागतिक वारसा यादीत घेतले, ते ‘रोमन आणि रोमनेस्क स्मारके’ या जोडनावाने. त्यातील ‘आणि’ खरा करून दाखवणारी दोनशे घरे मात्र तोवर नाहीशी झाली होती.